२०४७ आणि मधली वर्षे

भारत २०४७ पर्यंत विकसित राष्ट्र होईल की नाही, या प्रश्नावर गेली काही वर्षे जो वाद रंगतो आहे, तो दोन्ही बाजूंनी चुकीच्या जागी उभे राहून घातला जात आहे. १५ ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लाल किल्ल्यावरून जे पाच संकल्प मांडले, त्यांतला पहिला विकसित भारताचा होता. त्यानंतर निती आयोगाच्या कागदपत्रांत या संकल्पाला ३० लाख कोटी डॉलरांची अर्थव्यवस्था आणि दरडोई १८,००० डॉलर उत्पन्न असे आकडे मिळाले. तेव्हापासून एक बाजू हे आकडे जणू हाती आल्यासारखे उच्चारते, तर दुसरी बाजू ते अशक्य असल्याचे गणित मांडून हसते. आपण विकासदर किती धरतो यावर दोन्ही निष्कर्ष अवलंबून आहेत, आणि बावीस-पंचवीस वर्षांचा विकासदर आजच सांगू शकेल असा अर्थशास्त्रज्ञ जगात नाही. मग जे तपासताच येत नाही त्यावर आपण इतके भांडतो कशासाठी?

माझे म्हणणे असे आहे की २०४७ ही तारीख ठेवण्यात काहीही गैर नाही. मात्र त्या तारखेची जबाबदारी २०४७ मध्ये कोणावरही टाकता येणार नाही. आज जे मंत्री, सचिव आणि सल्लागार हा संकल्प मांडत आहेत, त्यांच्यापैकी बहुतेक जण तेव्हा सार्वजनिक जीवनात नसतील. त्यामुळे या संकल्पाचा खरेखोटेपणा मधल्या वर्षांतच ठरायचा आहे. २०३० पर्यंत काय, २०३५ पर्यंत काय, ते कोणी करायचे, कोणाच्या पैशाने करायचे आणि झाले की नाही हे सरकारबाहेरच्या कोणी मोजायचे, या प्रश्नांची उत्तरे ज्या आराखड्यात बांधील स्वरूपात नाहीत, तो आराखडा म्हणजे एक तारीख आणि काही आकडे एवढाच उरतो. वाद घालायचा असेल तर तो या उत्तरांबद्दल घालावा.

दूरचे उद्दिष्ट म्हणजे लोकांचे लक्ष आजच्या अडचणींवरून उडवण्याची युक्ती, असा जो आक्षेप टीकाकार घेतात, तो मला मान्य नाही. खडकवासल्याच्या धरणासाठी स्वयंचलित दरवाजे घडवणारे आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३४ मध्ये, देश पारतंत्र्यात असताना, दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना मांडली होती. १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास प्रभृती उद्योगपतींनी ‘मुंबई योजना’ म्हणून ओळखला जाणारा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करण्यासाठी दहा हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा हिशेब होता. हातात सत्ता नसताना या माणसांनी दूरवरचे पाहिले म्हणूनच स्वातंत्र्यानंतर धरणे, पोलाद आणि वीज यांचा विचार करायला पायाभूत सामग्री उपलब्ध होती. धरण, बंदर, विद्यापीठ किंवा संशोधनसंस्था या गोष्टी पाच वर्षांच्या मुदतीत मावत नाहीत. ज्या देशात दर सहा महिन्यांनी कुठे ना कुठे निवडणूक असते, त्या देशाला तर लांबच्या तारखेची गरज अधिकच आहे.

विकासदराच्या गणिताकडेही एकदा नीट पाहू, म्हणजे तो विषय बाजूला ठेवता येईल. आपले दरडोई उत्पन्न आज साधारण २,६०० ते २,७०० डॉलरांच्या घरात आहे. ते १८,००० वर नेणे म्हणजे जवळजवळ सातपट करणे. जागतिक बँकेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०४७ पर्यंत उच्च उत्पन्न गटात जायचे असेल तर भारताला सरासरी ७.८ टक्के दराने वाढावे लागेल. २००० ते २०२४ या काळातली आपली सरासरी ६.३ टक्के आहे. हे अवघड आहे, पण अघटित नाही. नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ मायकल स्पेन्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये दाखवून दिले होते की १९५० नंतर सलग पंचवीस वर्षे किंवा अधिक काळ ७ टक्के वा त्याहून वेगाने वाढलेल्या अर्थव्यवस्था तेरा आहेत. मात्र त्या तेरांमध्ये जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर यांच्याबरोबर ब्राझील, इंडोनेशिया आणि थायलंडही आहेत. वेग सगळ्यांनाच साधला होता, पण समृद्धी सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. ७.८ टक्के शक्य की अशक्य यावर वर्तमानपत्रांची पाने खर्च करणाऱ्यांनी हा फरक कशामुळे पडला याचा शोध घेतला असता, तर वादाला काही अर्थ आला असता.

आपल्याच इतिहासात याचे उत्तर देणारी एक जोडी आहे. १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. विधेयक किती सावध होते पाहा! संपूर्ण देशात एकाच दिवशी सक्ती करण्याचा त्यात विचारच नव्हता. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत, तिथल्या स्थानिक संस्थेने सरकारच्या परवानगीने सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी सक्ती लागू करावी. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा. असे क्रमाक्रमाने क्षेत्र वाढवत जावे, अशी त्याची रचना होती. मुलींना सुरुवातीला त्याबाहेर ठेवण्यात आले, ही त्याची मोठी उणीव होती. परंतु कोण, कुठे, किती आणि कोणाच्या पैशाने, या चारही प्रश्नांची उत्तरे त्या मसुद्यात होती. १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. त्यानंतर पाच वर्षांनी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा त्यातही मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड इतक्या बारकाव्याने विचार केलेला होता. एका लहान संस्थानाने आपल्या तिजोरीकडे पाहून केलेला तो कायदा होता.

आता या जोडीतली दुसरी गोष्ट. १९५० मध्ये अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये, चौदा वर्षे वयापर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्यसंस्था दहा वर्षांच्या आत प्रयत्न करील, असे म्हटले होते. मार्गदर्शक तत्त्वांच्या त्या साऱ्या प्रकरणात कालमर्यादा असलेले हे जवळपास एकमेव वचन होते. ते लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. तरीही १९६० उलटले. त्या दहा वर्षांचे टप्पे कोणते, खर्चात केंद्राचा वाटा किती, राज्यांचा किती, तिसऱ्या वर्षी काम मागे पडले तर विचारणार कोण, हे कुठेही बांधलेले नव्हते. शिक्षणाला मूलभूत हक्काचा दर्जा देणारी ८६ वी घटनादुरुस्ती २००२ मध्ये झाली आणि शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. दहा वर्षांचे वचन साठ वर्षांनी कायद्यात उतरले. या मधल्या काळात शाळेबाहेर राहिलेल्या पिढ्यांनीच आपले शेतमजूर, बांधकाम मजूर, ऊसतोड कामगार पुरवले. देशाच्या सर्वोच्च दस्तऐवजात लिहिलेली तारीख टप्पे नसल्यामुळे निष्फळ ठरते, तर भाषणातल्या तारखेवर आपण विसंबायचे ते कशाच्या बळावर?

अलीकडचा अनुभवही याहून वेगळा नाही, आणि त्यात एकाच पक्षाकडे बोट दाखवता येणार नाही. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने सकल देशांतर्गत उत्पादनात कारखानदारीचा वाटा दशकभरात २५ टक्क्यांवर नेण्याचे आणि १० कोटी रोजगार निर्माण करण्याचे ठरवले होते. सरकार बदलले, ‘मेक इन इंडिया’ आले, आणि २५ टक्क्यांचे तेच उद्दिष्ट २०२२ साठी पुन्हा सांगितले गेले. हा वाटा आजही १७ टक्क्यांच्या आसपास आहे. शेतकऱ्यांचे उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट करण्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. २०२२ आले, तेव्हा त्याविषयी बोलणेच थांबलेले होते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाची शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली, आणि २०२० च्या धोरणातही तोच आकडा उद्दिष्ट म्हणूनच लिहावा लागला. या प्रत्येक वेळी उद्दिष्ट चुकण्यापेक्षा अधिक गंभीर अशी एक गोष्ट घडली आहे. ते का चुकले, याचा जाहीर हिशेब मांडला गेलाच नाही. एखाद्या सहकारी पतसंस्थेलासुद्धा वार्षिक सभेपुढे ताळेबंद ठेवावा लागतो, मग देशाच्या संकल्पाला ती सूट का मिळावी?

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप पुढे येतो. टप्पे, आढावे, मोजमाप हे सगळे नियोजन आयोगाकडे होते ना? १९५० ते २०१४ अशी चौसष्ट वर्षे आयोगाने काम केले, बारा पंचवार्षिक योजना आखल्या, प्रत्येकीत तपशीलवार लक्ष्ये ठेवली; तरीही पहिली चार दशके आपण संथ गतीनेच चाललो, आणि वाढीने वेग घेतला तो १९९१ मध्ये नियंत्रणे सैल केल्यावर. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. कोणत्या कारखान्याने किती टन माल काढावा हे दिल्लीत ठरवण्याची हौस देशाला महागात पडली, आणि त्या पद्धतीकडे परतावे असे मी म्हणत नाही. पण त्या काळातली एक गोष्ट विसरून चालणार नाही. तिसऱ्या योजनेत विकासदर ठरल्याच्या निम्म्यावर आला तेव्हा ते सगळ्यांना दिसले, कारण ठरले किती होते हे कागदावर होते. १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे पंचवार्षिक योजना थांबवावी लागली, शेतीधोरण बदलले, आणि हरितक्रांतीचा मार्ग धरला गेला. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी, इतक्या वर्षांच्या नियोजनानंतरही तळच्या माणसापर्यंत वाढ पोहोचलेली नाही, हे सरकारच्याच पाहणीतल्या आकड्यांवरून सिद्ध केले आणि गरिबीची चर्चा वेगळ्या पायावर नेली. नियोजन आयोगाची फसगत नियंत्रणांमुळे झाली. ती उघडकीस आली ती हिशेबामुळे. १ जानेवारी २०१५ रोजी निती आयोग आणताना आपण नियंत्रणांबरोबर बांधील हिशेबही सोडून दिला, ही माझी तक्रार आहे.

निती आयोगाला मोजता येत नाही, असे मुळीच नाही. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या कार्यक्रमात देशातले ११२ जिल्हे निवडून आरोग्य, पोषण, शिक्षण, शेती यांच्या निर्देशांकांवर त्यांची दरमहा क्रमवारी लावण्याची पद्धत घालून दिली गेली. महाराष्ट्रातले गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव हे चार जिल्हे त्यात आहेत. आपल्या जिल्ह्यात गरोदर स्त्रियांची नोंदणी किती, लसीकरण किती, हे जिल्हाधिकाऱ्याला माहीत असावे लागते, कारण पुढच्या महिन्यात ते सगळ्यांना दिसणार असते. नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्याकडून दरमहा मागितला जाणारा हिशेब केंद्रीय मंत्रालयाकडून दरवर्षी तरी का मागू नये?

दुसरा आक्षेप असा की जग अनिश्चित आहे. महासाथ येते, युद्ध होते, तेल महागते, आणि ठरलेल्या टप्प्यांना चिकटून बसणारे सरकार जखडले जाते. शिवाय लोकशाहीत चुकलेला प्रत्येक टप्पा विरोधकांच्या हातातले शस्त्र होतो. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. टप्पा बदलता येतो. बदलताना कारण सांगावे, एवढीच अट आहे. दुसरा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. दक्षिण कोरियात १९६५ पासून अध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः दरमहा निर्यातीच्या आढाव्याची बैठक घेत. सवलतीचे कर्ज घेऊन निर्यात न वाढवणाऱ्या उद्योगाची सवलत जाई. १९६४ मध्ये १० कोटी डॉलरांची निर्यात करणारा तो देश १९७७ मध्ये १,००० कोटी डॉलरांवर गेला. पण ती हुकूमशाही होती. कामगार संघटना चिरडल्या गेल्या, १९७२ मध्ये घटना गुंडाळली गेली, आणि ती किंमत आपण मोजावी असे कोणीही सुचवू नये. मात्र कोरियाकडून शिकायचे ते दोनच मुद्दे आहेत. पहिला, उंच उडी घेण्याआधी तिथे जमीनसुधारणा होऊन गेल्या होत्या आणि प्राथमिक शाळा जवळपास प्रत्येक मुलापर्यंत पोहोचली होती. दुसरा, सवलतीच्या बदल्यात कामगिरी मागितली जात होती. तिथे जो जाब हुकूमशहा विचारत असे, तो आपल्याकडे संसदेने आणि विधानसभेने विचारायचा आहे. चुकलेला टप्पा विरोधकांच्या हाती शस्त्र देतो, हे खरेच आहे. लोकशाहीत विरोधकांचे काम तरी दुसरे काय असते?

मलेशियाचे उदाहरण या वादात वारंवार दिले जाते, आणि दोन्ही बाजूंकडून अर्धेच. २८ फेब्रुवारी १९९१ रोजी पंतप्रधान महातीर मोहम्मद यांनी २०२० पर्यंत विकसित राष्ट्र होण्याचा संकल्प जाहीर केला. तीस वर्षे ७ टक्के वाढ, दर दशकाला उत्पन्न दुप्पट, असे त्याचे गणित होते. पहिली काही वर्षे वाढ त्याहूनही वेगाने झाली. १९९७ चे आशियाई संकट आले आणि १९९८ मध्ये अर्थव्यवस्था ७ टक्क्यांहून अधिक आकसली. पुन्हा पंतप्रधानपदी आलेल्या महातीर यांनीच २०१९ मध्ये २०३० चा नवा आराखडा जाहीर केला. एवढ्यावरून तो संकल्प फसला म्हणणारे हे सांगत नाहीत की या तीस वर्षांत मलेशिया आपल्यापेक्षा कितीतरी पुढे निघून गेला. आणि संकल्पाचे गोडवे गाणारे मोजपट्टीची गोष्ट सांगत नाहीत. मलेशियातली गरिबी १ टक्क्याच्या खाली आल्याचे सरकारी आकडे सांगत होते. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन यांनी २०१९ मध्ये त्या दारिद्र्यरेषेलाच आक्षेप घेतला. २०२० मध्ये सरकारने रेषा ९८० रिंगिटवरून २,२०८ रिंगिटवर नेली, तेव्हा २०१६ या वर्षाची गरिबी ७.६ टक्के निघाली. मलेशियाकडे पंचवार्षिक योजना होत्या, टप्पेही होते. म्हणजे नुसते टप्पे पुरत नाहीत. मोजपट्टी ताजी हवी आणि ती सरकारच्या सोयीवर अवलंबून असू नये.

आपल्या मोजपट्टीची अवस्था काय आहे? १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली जनगणना २०२१ मध्ये झाली नाही; आता तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी ठरली आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य द्यायचे याचे गणित अजून २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेले आहे, म्हणजे त्यानंतर वाढलेली कोट्यवधी माणसे त्या गणितात नाहीत. २०१७–१८ ची उपभोग-खर्चाची पाहणी २०१९ मध्ये सरकारने रद्द केली आणि पुढच्या पाहणीसाठी २०२२–२३ उजाडले. देशात माणसे किती आहेत, ती कुठे राहतात आणि काय खातात, हे दशकभर नेमके ठाऊक नसताना २०४७ चे दरडोई उत्पन्न सांगणे मला जोखमीचे वाटते. भागाकार करायचा तो कशाने?

महाराष्ट्राने तर या बाबतीत देशाला एक शब्दच दिला आहे, तो म्हणजे अनुशेष. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रवार राज्याची सरासरी काढली आणि प्रत्येक जिल्हा तिच्या किती मागे आहे हे पैशांत मांडले. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला. त्या आकड्यांवर वाद झाले, सरासरी हा निकष योग्य का यावरही झाले, पण विदर्भ आणि मराठवाड्याच्या मागणीला त्यामुळे भाषणाऐवजी तक्त्याचा आधार मिळाला. याच विचारातून १९९४ मध्ये अनुच्छेद ३७१(२) नुसार तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. तीच कथा स्थानिक संस्थांची. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर मुंबईच्या महापालिकेवर जवळपास चार वर्षे प्रशासक होता, आणि राज्यातल्या बहुतेक मोठ्या शहरांची आणि जिल्हा परिषदांचीही गत तीच झाली. विकसित देश म्हणजे नळाला येणारे स्वच्छ पाणी, वेळेवर येणारी बस, दवाखान्यात हजर असलेला डॉक्टर. ही कामे ज्यांनी करायची, त्या संस्था लोकप्रतिनिधींविना आणि देशाच्या उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्क्याएवढ्या महसुलावर चालवून आपण २०४७ गाठणार आहोत का? महाराष्ट्राने आपल्या आराखड्यात २०२९, २०३५ आणि २०४७ असे टप्पे धरले आहेत, याचे मी मनापासून स्वागत करतो. त्या टप्प्यांचा हिशेब जिल्हावार निघावा आणि विधिमंडळासमोर यावा, हे मात्र अजून मागावे लागणार आहे.

केंद्राच्या बाबतीत मागणी करायला फार थांबावे लागणार नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६–२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी आकडेमोड यावी, असे ठरवले आहे. हे जवळचे, नेमके आणि कोणत्याही शाळेत जाऊन तपासता येण्याजोगे उद्दिष्ट आहे, आणि म्हणूनच ते कामाला लागलेले दिसते. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण भागातल्या शैक्षणिक पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, ती २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा खरी आहे, आणि उरलेली दरीही तितकीच खरी आहे, कारण अजून चारांपैकी तीन मुले त्या रेषेपर्यंत पोहोचलेली नाहीत. २०२६–२७ मध्ये तिसरीत बसणारे मूल २०४७ मध्ये अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे असेल. ज्या मनुष्यबळाच्या भरवशावर १८,००० डॉलरांचा हिशेब मांडला आहे, त्यात ते असेल. ती मुदत संपेल त्या दिवशी प्रत्येक जिल्ह्यातल्या किती मुलांना वाचता आले, किती मागे राहिली आणि का, हे सरकारने स्वतः संसदेपुढे ठेवावे आणि त्यावर पूर्ण दिवस चर्चा व्हावी.